शिष्यत्वाचे मोल आणि वेगळी चूल : ‘स्मृतिचित्रे’चे एक पुनर्वाचन

शिष्यत्वाचे मोल या विषयावर आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते. दुःखसहनाच्या सप्ताहात तर हा विषय टळत नाही. त्या उपदेशाचा साचाही ठरून गेला आहे. प्रथम गालील समुद्राच्या काठी टाकून दिलेली जाळी येतात, मग वधस्तंभ उचलण्याची आज्ञा येते आणि शेवटी आपल्या प्रांतातील दाखला म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा येतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस एका विद्वान कोकणस्थ ब्राह्मणाने जात, नातलग, मान आणि घर यांवर पाणी सोडले, असे सांगून उपदेशक थांबतो. श्रोत्यांची मने हेलावतात. पण हिशेब तेथे पुरा होतो काय? टिळकांनी जे घर सोडले त्यात कोण राहत होते आणि त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारल्यावाचून शिष्यत्वाच्या मोलाची बेरीज लागत नाही, असे आमचे मत आहे.

या प्रश्नाचे उत्तर मराठीत लिहून ठेवलेले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. मराठी साहित्याच्या इतिहासकारांनी या आत्मकथेला मानाचे स्थान दिले, तिच्या घरगुती, निर्मळ भाषेचे व विनोदाचे कौतुक केले, आणि ते योग्यच आहे. परंतु धर्मज्ञानाच्या दृष्टीने या ग्रंथाचा विचार आपण फारसा केला नाही. त्यातील गमतीचे प्रसंग आपण उपदेशात तोंडी लावण्यापुरते घेतो. शिष्यत्वाविषयी हा ग्रंथ जे सांगतो ते आपल्या नेहमीच्या उपदेशाला अडचणीचे आहे, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. बोरगाव-सौंसर भागातील धर्मशिक्षकांसाठी शिष्यत्वावरील पाठ तयार करताना आम्हांस हा ग्रंथ पुन्हा हाती घ्यावा लागला. त्या वाचनातून निघालेले काही विचार येथे मांडीत आहोत.

लूकचा ‘दररोज’

आरंभी शास्त्रवचनांकडे पाहू. वधस्तंभ उचलण्याची आज्ञा मार्काने (८:३४) दिली आहे तशीच लूकनेही (९:२३) दिली आहे. परंतु लूकने त्यात एक शब्द अधिक घातला आहे, तो म्हणजे ‘दररोज’. मार्काच्या वाचकापुढे एकदाच घ्यावयाचा निर्णय उभा राहतो. लूकच्या वाचकापुढे उद्याची सकाळ उभी राहते. हाच लूक चौदाव्या अध्यायात (१४:२८–३०) बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला देतो. तो माणूस आधी बसतो आणि खर्चाचा हिशेब करतो. तेथे मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे ते ‘खडा’ या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. खडे मांडून मोजणे, असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे प्रभूला भावनेच्या भरात उठून धावणारा शिष्य नको आहे. त्याला बसून, एकेक खडा मांडून मोजणारा शिष्य हवा आहे.

आता हे खडे कोणकोणते? येथे एक बारीक गोष्ट पाहण्याजोगी आहे. सर्व सोडून मागे आल्याचे पेत्राने म्हटल्यावर प्रभू सोडलेल्या गोष्टींची यादी करतो. लूकच्या यादीत (१८:२९) पत्नीचा उल्लेख आहे. मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांतील यादीत (१०:२९) तो नाही. परंतु पेत्राची पत्नी शुभवर्तमानाच्या पानांतून नाहीशी झालेली नाही. तिची आई तापाने पडलेली असता प्रभू त्याच घरात जातो (मार्क १:२९–३१), आणि पुढे कित्येक वर्षांनी पौल लिहितो की केफा आपल्या पत्नीला बरोबर घेऊन प्रवास करतो (१ करिंथ ९:५). जब्दीचे घरही असेच पाहावे. याकोब आणि योहान बापाला मजुरांबरोबर मचव्यात सोडून निघाले. त्या बापाचे पुढे काय झाले हे शुभवर्तमानकार सांगत नाहीत. परंतु त्या मुलांची आई मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात वधस्तंभापासून दूर उभ्या असलेल्या स्त्रियांत आहे. हाक मुलांना आली, तिचे मोल आईबापांच्या घरातून गेले, आणि अखेर ती आई स्वतःच्या पायांनी यरुशलेमेपर्यंत चालत आली. हाक एकाला येते, परंतु मोल अनेकांच्या हातून जाते. ज्यांच्या हातून ते जाते त्यांचाही प्रभूशी स्वतंत्र संबंध जुळू शकतो. शास्त्राच्या या दोन्ही बाजू ध्यानात ठेवून आपण ‘स्मृतिचित्रे’कडे वळू.

ग्रंथाची जात

आपल्याकडील ख्रिस्ती आत्मचरित्रांत बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’चे स्थान मोठे आहे. त्या ग्रंथाचा भर पूर्वायुष्यावर आहे. संशय, शोध, वाद, प्रकाश आणि बाप्तिस्मा अशी त्याची चढती वाट आहे, आणि त्याच्या नावातच उजाडणे आहे. ‘स्मृतिचित्रे’ची जात निराळी आहे. हा ग्रंथ उजाडल्यानंतरच्या दिवसाचा आहे. झाडणे, पाणी भरणे, पाहुणे, उधारी, आजारपण आणि मुलांची शाळा यांनी तो दिवस भरलेला आहे. पतीचा बाप्तिस्मा या ग्रंथाचा शेवट नसून संसाराच्या मध्यभागी कोसळलेली घटना आहे.

तो निर्णय पत्नीच्या संमतीने घेतलेला नव्हता. लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी. त्यांचे वडील सोवळ्याचे इतके कडक होते की बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घेतला जात नसे. अशा घरात वाढलेल्या स्त्रीला नवरा ख्रिस्ती होणे म्हणजे काय, याची कल्पना आजच्या वाचकास सहज येणार नाही. नवरा जिवंत असून संसार मोडला. पदरी लहान मुलगा. आश्रय नातलगांचा, आणि त्या आश्रयातही दया व टोमणे एकाच ताटात वाढलेले. पंढरपुरास काढलेल्या त्या दिवसांविषयी लक्ष्मीबाई लिहितात तेव्हा त्या रडगाणे गात नाहीत, आणि हुतात्म्याचा आवही आणीत नाहीत. कोणत्या दिवशी कोण काय बोलले आणि घरात काय घडले, एवढेच त्या सांगतात. आपण उपदेशात ‘त्याग’ हा एक शब्द वापरतो. लक्ष्मीबाई त्याच त्यागाची मोड, म्हणजे सुटे नाणे, आपल्या हातावर ठेवतात. या ग्रंथाचे धर्मज्ञानविषयक पहिले मूल्य आमच्या मते हेच होय.

टिळकांचे चित्रही त्यांनी असेच सुट्या नाण्यांत काढले आहे. ते कवी, भक्त, उदार आणि तितकेच तापट. घरात आहे ते कोणी मागेल त्याला देऊन टाकावे, आणि उद्या काय शिजवावे याची चिंता दुसऱ्याने वाहावी, अशी त्यांची रीत. दुष्काळातील पोरकी मुले त्यांनी घरात आणली, तेव्हा शुभवर्तमानाची आज्ञा पाळली ती टिळकांनी आणि भाकऱ्या भाजल्या त्या लक्ष्मीबाईंनी. १९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडून सातारा येथे ‘देवाचा दरबार’ आरंभिला. भारतीय ख्रिस्ती संन्यासाच्या इतिहासात हे पाऊल मोलाचे मानले जाते. संन्याशाचाही संसार होता आणि पगार सुटला तो दोघांचा, हे मात्र त्या इतिहासात लहान अक्षरांत छापले जाते. लक्ष्मीबाई त्याविषयी तक्रारीचा सूर लावीत नाहीत. त्या हसतात. परंतु ते हसणे हिशेब बुडविणारे नाही, हिशेब पुरा मांडून मग क्षमा करणारे आहे. हा भेद ज्या वाचकाच्या ध्यानात येत नाही, त्याच्या हाती केवळ गमती लागतात.

वेगळ्या चुलीचा अर्थ

या ग्रंथाविषयी आपल्या मंडळ्यांत एक समज रूढ आहे. तो असा की लक्ष्मीबाई पतिव्रता होत्या, म्हणून पतीच्या मागोमाग ख्रिस्ती झाल्या. आमच्या मते ग्रंथातील पुरावाच या समजाच्या विरुद्ध आहे. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) पतीकडे आल्या, परंतु आपले सोवळे सांभाळून आल्या. त्यांनी वेगळी चूल मांडली. पतीची आज्ञा हाच त्यांचा धर्म असता, तर पहिल्याच दिवशी त्या एका पंगतीला बसल्या असत्या. पतीजवळ राहणे आणि पतीचा विश्वास स्वीकारणे या दोन गोष्टी त्यांनी निराळ्या ठेवल्या. पुढे जातिभेद हा देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, असे त्यांच्याच मनाने घेतले, आणि कोणाच्याही हातचे खाण्यास त्या तयार झाल्या. हे बाप्तिस्म्याच्या आधी घडले. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. म्हणजे त्यांच्या जीवनात ख्रिस्ताचे राज्य प्रथम स्वयंपाकघरात आले आणि मंडळीच्या नोंदवहीत नंतर. वडिलांच्या घरी ज्या उंबऱ्यावर जिन्नस धुतले जात, त्याच उंबऱ्यावर त्यांचा पश्चात्ताप, म्हणजे मनाचा पालट, घडला.

या वेगळ्या चुलीची दुसरी बाजू टिळकांची आहे. १८६६ साली झालेल्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला, त्याचा जोडीदार त्याच्याबरोबर नांदण्यास तयार नसेल तर, विवाहबंधनातून मोकळे होण्याची वाट दिली होती. पौलाच्या वचनाशीही (१ करिंथ ७:१५) ती वाट जुळती होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. ते थांबले. एवढा तापट माणूस या एका बाबतीत थांबला, आणि घरात पत्नीची वेगळी चूल पेटती राहू दिली. टिळकांच्या शिष्यत्वाचे खरे मोल आम्हांस येथे दिसते. जात सोडणे हे एका दिवसाचे काम होते. पत्नीच्या विवेकबुद्धीवर जोर न करता तिच्यासाठी वाट पाहणे हे दररोजचे काम होते. लूकच्या ‘दररोज’ या शब्दाचे याहून स्पष्ट भाष्य मराठीत आमच्या पाहण्यात नाही.

टिळक १९१९ साली निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. नवऱ्याकडून अक्षरओळख शिकलेल्या स्त्रीने ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य शेवटास नेले. १९३३ साली नागपुरास भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. जब्दीच्या मुलांची आई जशी मुलांच्या मागून आली आणि शेवटी स्वतःच्या पायांवर वधस्तंभाच्या दिशेने उभी राहिली, तशी ही वाटचाल आहे. हिला अनुगमन म्हणावे, अनुकरण म्हणू नये.

बोनहोफर आणि लक्ष्मीबाई

शिष्यत्वाचे मोल म्हटले की धर्मविद्यालयात शिकलेल्या आपणा सर्वांना दीट्रिख बोनहोफर आठवतात. जर्मनीत फिंकनवाल्डे येथील धर्मविद्यालय चालवीत असता तयार झालेला त्यांचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी नाझी पोलिसांनी ते विद्यालय बंद केले. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसनबुर्ग येथे त्यांना फाशी देण्यात आली. स्वस्त कृपा आणि महाग कृपा असा भेद करून त्यांनी झोपलेल्या मंडळीला जागे केले, याविषयी आमच्या मनात आदरच आहे. त्यांच्या ग्रंथाच्या मूळ जर्मन नावात मात्र ‘मोल’ हा शब्द नाही. त्या नावाचा अर्थ केवळ ‘मागे जाणे’ असा आहे. मोलाचा शब्द इंग्रजी भाषांतराने जोडला आणि तोच आपल्याकडे रूढ झाला.

या ग्रंथात शिष्य आणि एकटा मनुष्य यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ख्रिस्ताची हाक माणसाला एकटा करते, त्याच्या आणि जगाच्या मध्ये ख्रिस्त उभा राहतो, असा त्याचा भावार्थ. हे खरे आहे, आणि ज्या काळात सारे राष्ट्र एका आवाजात ओरडत होते त्या काळी हे सांगणे आवश्यकच होते. परंतु एकट्या झालेल्या माणसाच्या मागे जे घर उरते त्याविषयी ते प्रकरण आपणास फारसे काही देत नाही. बोनहोफर स्वतः अविवाहित होते. १९४३ साली त्यांचा वाङ्‌निश्चय झाला आणि त्याच वर्षी ते तुरुंगात गेले. जुलै १९४४ मधील तुरुंगातील एका पत्रात त्यांनीच लिहिले आहे की त्या ग्रंथातील धोके आता आपणास दिसतात, तरी आपण तो ग्रंथ नाकारीत नाही. जगाच्या ऐहिक व्यवहारात पुरते उतरूनच विश्वास शिकता येतो, असे त्यांना त्या दिवसांत वाटू लागले होते. ते तुरुंगाच्या कोठडीतून ज्या ठिकाणाकडे पाहत होते, तेथे लक्ष्मीबाई आधीच चूल पेटवून बसल्या होत्या, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. बोनहोफरांनी कृपेचे मोल सांगितले. ते मोल घरात कोणाकोणात वाटले जाते हे लक्ष्मीबाईंनी सांगितले. आपल्या धर्मशिक्षणात दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवावेत, अशी आमची शिफारस आहे.

ग्रंथाची मर्यादा

परीक्षणाचे कर्तव्य म्हणून या ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ही एका ब्राह्मण कुटुंबाची कहाणी आहे. तिच्यात मोल मोजले जाते ते ‘काय सोडले’ या मापाने. टिळकांपाशी सोडण्यासारखे पुष्कळ होते, आणि जे सोडले त्यातूनही विद्या, वाणी आणि कवी म्हणून असलेले नाव त्यांच्याबरोबर आले. परंतु ज्या अहमदनगर जिल्ह्यात हे कुटुंब राहिले, तेथील ख्रिस्ती मंडळीचा मोठा भाग महार व मांग समाजांतून आलेला होता. त्यांच्यापाशी सोडायला जात-प्रतिष्ठा नव्हती. त्यांना गावच्या वहिवाटीतील भाकरी आणि गावकीतील जागा सोडावी लागली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यांत आले, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. तेव्हा त्या घरांतील मुलामुलींचे शिष्यत्वाचे मोल शाळेच्या आणि नोकरीच्या अर्जावर दरवर्षी नव्याने भरावे लागते. त्या घरांतील कोण्या लक्ष्मीबाईने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली नाहीत, निदान तिच्या ग्रंथाला तेवढे वाचक मिळाले नाहीत. त्यामुळे आपल्या उपदेशातील त्यागाचा नमुना अजूनही उच्चवर्णीयांचाच राहिला आहे. ज्याच्याजवळ टाकण्यासारखे काही नाही तो श्रोता हा नमुना ऐकतो आणि आपण काय सोडले या विचाराने खजील होतो. हा दोष लक्ष्मीबाईंचा नाही. आपण एकच पुस्तक सर्वांच्या मापाचे समजतो, हा आपला दोष आहे.

बोरगावच्या घरात

आता आमच्या भागाकडे वळू. बोरगाव हे नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे, सौंसर तहसिलीतील गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर महाराष्ट्राच्या वाटेने गेले आणि हा भाग मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. घरात मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी, आणि आराधनाही पुष्कळदा हिंदीत. भोवताली संत्र्यांच्या बागा आहेत आणि गावाला लागून औद्योगिक वसाहत आहे. येथे ख्रिस्ती घर असेल तर ते एखाददुसरेच, आणि त्या घरातही पुष्कळदा एकटाच माणूस विश्वासात आलेला. म्हणून वेगळ्या चुलीचा प्रश्न येथे इतिहासातला राहत नाही.

येथील रोजच्या जीवनात शिष्यत्वाचे मोल कोणत्या रूपाने येते? कारखान्यातील पाळीची सुटी रविवारीच येईल असे नाही. आराधनेसाठी खाडा केला तर मजुरी कापली जाते, आणि ती उणीव भरून काढते ती किराणा दुकानात उधारी सांगणारी पत्नी. संत्र्याच्या व्यवहारात मोजणी चोख ठेवणारा मजूर मालकाला किंवा दलालाला नकोसा झाला, तर पुढच्या बहरात काम मिळत नाही, आणि मुलाच्या शाळेचे पैसे थांबतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव या दोन बाजूंनी दगड चालतात, माणसे जखमी होतात आणि कित्येकांनी तेथे प्राण गमावले आहेत. शांती करणाऱ्यांना धन्य म्हणणाऱ्या प्रभूचा शिष्य तेथे दगड उचलणार नाही, हे उघड आहे. पण त्या दिवशी तो घरी बसला तर भित्रा म्हणून त्याच्या भावालाही हिणवले जाते. लेकीच्या सोयरिकीच्या वेळी तर बापाच्या विश्वासाचे सारे मोल त्या मुलीकडून मागितले जाते, आणि तिला त्याविषयी कोणी विचारलेले नसते.

या परिस्थितीत धर्मशिक्षकाने काय करावे? आमच्या मते ‘स्मृतिचित्रे’ आणि शास्त्र मिळून चार गोष्टी शिकवितात.

पहिली गोष्ट अशी की हिशेब घरी बसून करावा. बुरूज बांधणाऱ्याचा दाखला उमेदवाराला एकट्याला वर्गात शिकविणे पुरेसे नाही. त्याच्या घरी जावे आणि पत्नी, आई व मोठी मुले यांच्यादेखत तो शिकवावा. मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मांतरविषयक कायदा आहे. २०२१ च्या नव्या कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांस साठ दिवस आधी कळविण्याची तरतूद आहे, आणि ती संस्कार करणाऱ्या धर्मगुरूलाही लागू आहे. त्या कायद्याविषयी कोणाचे काहीही मत असो. परंतु सरकार धर्मगुरूला ज्या गोष्टीची तारीख विचारते, तिचा परिणाम घरातील माणसांवर काय होईल हे धर्मगुरूने स्वतःहून त्यांना विचारू नये, ही स्थिती शोभणारी नाही. आदिकाळातील मंडळीने बाप्तिस्म्यापूर्वी दीर्घ शिक्षणाचा काळ ठेवला होता. तो काळ केवळ प्रश्नोत्तरे पाठ करण्यासाठी नव्हता.

दुसरी गोष्ट अशी की वेगळ्या चुलीचा मान राखावा. पतीच्या बाप्तिस्म्याबरोबर पत्नीचे नावही यादीत दिसावे, अशी घाई आपल्याला होते. अहवालात तो आकडा चांगला दिसतो. पण पौलाने (१ करिंथ ७:१२–१६) अविश्वासी जोडीदाराबरोबर नांदण्यास सांगितले आहे, त्याला ओढून आणण्यास सांगितलेले नाही. पत्नी आपल्या देवघरात दिवा लावीत असेल तर तो विझविणे हे शिष्याचे काम नव्हे. लक्ष्मीबाईंची चूल कोणी बळाने विझविली असती, तर ‘ख्रिस्तायन’ पुरे झाले नसते.

तिसरी गोष्ट मंडळीच्या कर्तव्याची आहे. सोडलेल्याच्या शंभरपट घरे, भाऊ, बहिणी, आया व शेते याच जन्मी, छळाबरोबर का होईना, मिळतील, असे अभिवचन प्रभूने दिले आहे (मार्क १०:३०). हे अभिवचन आकाशातून उतरत नाही. ज्याची घरे व शेते आहेत अशा मंडळीनेच ते पाळावयाचे असते. खाडा पडून मजुरी कापली गेली त्या आठवड्यात त्या घरी कोणाकडून धान्य गेले? सोयरीक मोडलेल्या मुलीजवळ कोणती आई जाऊन बसली? परीक्षेच्या अर्जावर सवलत नाकारलेल्या मुलाची फी कोणी भरली? मंडळीने ही शंभरपट दिली नाही, तर आपण ज्याला शिष्यत्वाचे मोल म्हणतो ते शिष्याच्या बायकामुलांवर बसविलेला कर ठरतो.

चौथी गोष्ट बोलावयास कठीण आहे, कारण ती आपल्याच घराची आहे. धर्मगुरूची आणि धर्मशिक्षकाची पत्नी हाक आलेल्या माणसाबरोबर बदलीच्या गावोगाव जाते. तुटपुंज्या मानधनात घर चालविते आणि रात्री उशिरा आलेल्या पाहुण्यासाठी पुन्हा चूल पेटविते. व्यासपीठावर त्यागाविषयी बोलण्याचा मान पतीला मिळतो, आणि त्या त्यागाचा वाटा तिला न विचारता मिळतो. त्या घरात दररोजचा वधस्तंभ म्हणजे काही वेळा एवढाच असू शकेल, की महिन्याच्या आरंभी दोघांनी शेजारी बसून, खडे मांडून, हिशेब करावा, आणि कोणाला काय द्यायचे हे एकट्याच्या उदारपणाने ठरवू नये.

समारोप

या सर्व विवेचनाने शिष्यत्वाचे मोल कमी होते असे कोणी समजू नये. हाक मानवी आहे की दैवी, हा प्रश्न घरच्यांच्या सोयीने सुटत नाही. बापापेक्षा, आईपेक्षा प्रभू अधिक प्रिय असावा, हे कठीण वचन (मत्तय १०:३७) जसेच्या तसे उभे आहे, आणि टिळकांनी घरच्यांच्या संमतीची वाट पाहिली असती तर कदाचित ते कधीच निघाले नसते. आमचे म्हणणे एवढेच आहे की निघालेल्या शिष्याने मागे राहिलेल्या माणसांचे देणे आपल्या वहीत मांडावे, आणि मंडळीने त्या वहीवर आपली सही करावी. ज्या शिष्यत्वाचा हिशेब शिष्याच्या नावापाशीच संपतो, ते कितीही तेजस्वी दिसले तरी लूकच्या अर्थाने मोजलेले नाही.

‘स्मृतिचित्रे’ने हे आपल्याला उपदेश न करता सांगितले आहे. प्रत्येक धर्मशिक्षकाने ती पुन्हा वाचावीत. हसू येईल तेथे हसावे, आणि त्या हसण्यामागे कोणाचे किती गेले हे मोजावे. आमच्या सीमाभागातील घरांत हे पुस्तक मराठी ग्रंथ म्हणून आणि धर्मशिक्षणाचा ग्रंथ म्हणून, अशा दोन्ही नात्यांनी पोहोचावे. ज्या घरात विश्वासी एक आणि चुली दोन आहेत, त्या घरी गेलेल्या धर्मशिक्षकाने प्रथम कोणत्या चुलीपाशी बसावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की जेथे विश्वास अजून पोहोचला नाही आणि मोल मात्र रोज दिले जात आहे, त्या चुलीपाशी.